जुन्या मोटरहोमची बॅटरी का भरत नाही?

मोटरहोममध्ये सहसा दोन स्वतंत्र बॅटऱ्या असतात. एक इंजिनची: तिचे काम स्टार्टर फिरवणे, दिवे आणि इग्निशन सांभाळणे. दुसरी घराची: आतले दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा, फ्रिजचे नियंत्रण तिच्यावर चालते. इंजिनची बॅटरी अल्टरनेटर भरतो. घराच्या बॅटरीला तीन ठिकाणांहून वीज मिळू शकते: गाडी धावत असताना अल्टरनेटरकडून, तळावर थांबल्यावर बाहेरच्या प्लगला जोडलेल्या कन्व्हर्टरकडून (बाहेरची एसी वीज १२ व्होल्ट डीसी करणारी पेटी), आणि गाडीत जनरेटर असेल तर त्याच कन्व्हर्टरमार्फत जनरेटरकडून. ‘चार्जिंग होत नाही’ या एका तक्रारीमागे म्हणूनच अनेक वेगवेगळे दोष असू शकतात.

या लेखात मुख्यतः १९७० ते १९९० च्या दशकांतील अमेरिकी मोटरहोम विचारात घेतले आहेत: १९७३ ते १९७८ या काळात बनलेली जीएमसीची मोटरहोम, डॉजच्या चासीवर बांधलेल्या विनेबॅगो, शेव्हरोलेच्या पी-३० आणि फोर्डच्या ई-३५० चासीवरच्या गाड्या. या सर्वांची यंत्रणा १२ व्होल्टची आणि बॅटऱ्या शिसे-आम्लाच्या. भारतात टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर बांधलेल्या कॅरव्हॅनलाही हीच रीत लागू पडते. मोठ्या ट्रक किंवा बसच्या चासीवर मात्र अनेकदा २४ व्होल्टची यंत्रणा असते, तिथे बॅटरीच्या व्होल्टेजचे पुढील आकडे दुप्पट धरावे लागतात.

अशा गाड्यांत सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो न बिघडलेले भाग बदलण्यात. बॅटरी उतरली की आधी नवी बॅटरी येते, तीही उतरली की नवा अल्टरनेटर बसतो, आणि महिनाभराने तक्रार जिथल्या तिथे. वीज तयार होणारी जागा आणि ती साठणारी जागा या दोन्हींकडे लक्ष जाते. मधली वाट कोणी पाहत नाही. तीस-चाळीस वर्षांच्या गाडीत ही वाट गंजलेले लग, सैल बोल्ट, झिजलेली सोलेनॉइड आणि आधीच्या मालकांनी आपापल्या सोयीने जोडलेल्या तारांनी भरलेली असते. पाटाच्या शेवटच्या शेताला पाणी पोचत नाही तेव्हा धरण रिकामे असेलच असे नाही, तसेच हे आहे. मल्टिमीटर घेऊन या वाटेवर टप्प्याटप्प्याने व्होल्टेज मोजत जाणे हाच दोष शोधण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

त्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. त्याच्या आतली छोटी बॅटरी मात्र ताजी हवी. ती उतरलेली असली की बरेच मीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त व्होल्टेज दाखवतात आणि सगळे निदान चुकते. डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर हाताशी असला तर काम निम्म्याने हलके होते. सुरक्षेचे नियम थोडे पण न टाळण्याजोगे आहेत. बॅटरी भरताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणून बॅटरीच्या कप्प्याजवळ ठिणगी किंवा ज्योत नको. हातातली अंगठी, कडे, धातूचा घड्याळपट्टा काढून ठेवावा. तारा सोडवताना आधी ऋण, जोडताना ऋण शेवटी. इंजिन चालू असताना बॅटरीची तार कधीही सोडवू नये; ‘अल्टरनेटर चालतो का’ हे पाहण्याची ती जुनी गॅरेजी पद्धत अल्टरनेटरचे डायोड जाळते.

आधी बॅटरी

खराब बॅटरीवर घेतलेली पुढची सगळी मोजमापे फसवी ठरतात, म्हणून सुरुवात इथून करावी. बॅटरी काही तास विश्रांतीत असावी. नुकतीच चार्ज झाली असेल तर वरवरचा भार उतरवण्यासाठी थोडा वेळ दिवे लावून बंद करावेत आणि मग मोजावे. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. त्याखाली बॅटरी रिकामीच समजावी. अशा अवस्थेत ती आठवडेच्या आठवडे पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि मग कितीही चांगला चार्जर लावला तरी तिची पूर्वीची क्षमता परत येत नाही.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरसारखे साधन नाही. भरलेल्या बॅटरीत प्रत्येक कप्प्यातील आम्लाची घनता १.२६५ च्या आसपास येते. सगळे कप्पे सारखेच कमी असतील तर बॅटरी फक्त उतरलेली आहे. एखादा कप्पा इतरांपेक्षा ०.०५० किंवा त्याहून जास्त मागे असेल तर तो कप्पा गेला आहे आणि बॅटरी बदलावीच लागेल. पाणी प्लेटांच्या खाली गेले असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. इंजिनच्या बॅटरीसाठी आणखी एक सोपी कसोटी म्हणजे स्टार्टर फिरत असताना तिचे व्होल्टेज पाहणे. पूर्ण भरलेली बॅटरी उबदार हवेत ९.६ व्होल्टच्या खाली घसरत असेल, तर तिची ताकद संपत आली आहे किंवा स्टार्टर वाजवीपेक्षा जास्त वीज ओढतो आहे.

दोष कोणत्या वाटेवर आहे?

बॅटरी ठीक असेल तर तीन प्रयोगांनी शोधाचे क्षेत्र झपाट्याने आखडते. घराच्या बॅटरीचे व्होल्टेज तिच्या शिशाच्या खुंटांवर तीनदा मोजावे: सर्व बंद असताना, इंजिन वेगात चालू असताना, आणि इंजिन बंद करून बाहेरचा प्लग लावल्यावर. चार्जिंग पोचत असेल तर व्होल्टेज विश्रांतीच्या आकड्यापेक्षा स्पष्टपणे वर चढते.

प्लगवर चढते पण इंजिनवर नाही, तर बॅटरी आणि तिच्या जवळच्या जोडण्या निर्दोष आहेत. दोष अल्टरनेटरपासून येणाऱ्या वाटेवर आहे. इंजिनवर चढते पण प्लगवर नाही, तर कन्व्हर्टरकडे वळावे. दोन्हीवर चढत नाही, तर दोन वेगळे भाग एकाच वेळी बिघडले असे मानण्यापूर्वी दोन्ही वाटांचा सामाईक शेवटचा तुकडा पाहावा: बॅटरीचे क्लॅम्प, तिची अर्थची तार, तिच्याजवळचा फ्यूज किंवा सर्किट ब्रेकर आणि बॅटरी तोडणारा स्विच. अनेक गाड्यांत दाराजवळच्या बटणाने चालणारी रिले बॅटरी तोडते-जोडते. ती आतून जळली की बटण दाबल्यावर आवाज येतो, पण वीज पुढे जात नाही. जनरेटरवर चार्ज होते आणि प्लगवर नाही, तर कन्व्हर्टर चांगला आहे. बाहेरची केबल, मुख्य ब्रेकर किंवा वीज बदलणारा स्विच तपासावा.

अल्टरनेटर

पहिली नजर पट्ट्यावर. पट्टा चकचकीत झाला असेल, कडेने चिरला असेल किंवा दिवे लावताच किंचाळत असेल तर तो घसरतो आहे. असा पट्टा इंजिन रिकामे चालताना पुरेसे व्होल्टेज दाखवतो आणि भार पडताच माघार घेतो, म्हणून मोजमाप नेहमी भाराखाली करावे. इंजिन साधारण १५०० ते २००० फेऱ्यांवर ठेवून, हेडलाइट आणि पंखा लावून, इंजिनच्या बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. हीच नोंद गाडी अर्धा तास चालवल्यावर पुन्हा घ्यावी. तापल्यावर व्होल्टेजला आवर घालणारा रेग्युलेटर ते थोडे कमी करतो, ते स्वाभाविक आहे. पण ते १३ च्या जवळ येत असेल तर नाही.

जनरल मोटर्सच्या गाड्यांवर १९७० च्या दशकापासून डेल्कोचा १०एसआय जातीचा अल्टरनेटर सर्रास आढळतो. त्याच्या बगलेला दोन पात्यांचा प्लग असतो. क्रमांक १ चे पाते चार्जिंगच्या दिव्याकडून येते आणि त्याच दिव्यातून आलेल्या अल्प प्रवाहाने अल्टरनेटर जागा होतो. म्हणून इग्निशन लावल्यावर डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा लागलाच नाही तर आधी बल्ब तपासावा. कित्येक निरोगी अल्टरनेटर जळक्या बल्बमुळे बदलले गेले आहेत. क्रमांक २ चे पाते बॅटरीचे व्होल्टेज ‘पाहते’. त्यावर इंजिन बंद असतानाही बॅटरीइतके व्होल्टेज असले पाहिजे.

दोन्ही पाती ठीक असूनही चार्जिंग नसेल, तर १०एसआयच्या पाठीवर इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराचे छिद्र असते. इंजिन चालू ठेवून त्यात बारीक पेचकस इंचभराहून जास्त आत न घालता आतल्या पट्टीला आणि अल्टरनेटरच्या अंगाला एकदम टेकवला की रेग्युलेटर बाजूला पडतो आणि अल्टरनेटर पूर्ण ताकदीने चालतो. व्होल्टेज लगेच चढले तर दोष रेग्युलेटरचा. नाही चढले तर ब्रश, रोटर किंवा आतल्या वेटोळ्यांचा. ही चाचणी क्षणभरच करावी, कारण त्या वेळी व्होल्टेजला आवर घालणारे काहीच नसते. पट्टा आणि पंख्यापासून हात व बाह्या दूर ठेवाव्यात.

फोर्डवर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९९० च्या सुरुवातीला आलेला, ‘२जी’ या नावाने ओळखला जाणारा अल्टरनेटर वेगळ्या कारणाने कुप्रसिद्ध आहे. त्यात मुख्य वीज बोल्टऐवजी प्लगमधल्या पात्यांतून बाहेर येते. पाती सैल झाली की प्लग तापतो, वितळतो आणि आगही लागू शकते. प्लगचा रंग तपकिरी झाला असेल किंवा प्लॅस्टिक मऊ पडले असेल तर गाडी पुढे चालवू नये. बोल्टची जोडणी असलेला नंतरचा ‘३जी’ बसवणे हा त्यावरचा योग्य आणि टिकाऊ उपाय आहे.

१९७० च्या दशकातील डॉज चासीवर दोन जागा आवर्जून पाहाव्यात. त्यात चार्जिंगचा प्रवाह इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पडद्यातील मोठ्या प्लगमधून डॅशबोर्डवरच्या अँमीटरपर्यंत जातो आणि तसाच परत येतो. त्या प्लगमधील पाती गंजली की तिथेच उष्णता साठते. वायरिंग काळवंडते आणि कधी संपूर्ण बंद पडते. दुसरी जागा रेग्युलेटरची. त्याला अर्थ मिळतो तो त्याच्या धातूच्या पेटीतून. पेटीखाली रंग किंवा गंज असेल तर व्होल्टेज वरखाली होते, अर्थ पूर्ण सुटला तर चार्जिंगच थांबते. बोल्ट काढून, दोन्ही पृष्ठभाग घासून पुन्हा घट्ट बसवणे एवढ्याने दुरुस्त झालेल्या गाड्या कमी नाहीत.

अल्टरनेटरच्या आतला एखादा डायोड गेला तर व्होल्टेज जवळपास बरोबर दिसते पण प्रवाह कमी पडतो. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनवर बॅटरीच्या खुंटांवर मोजावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आले तर डायोडवर संशय घ्यावा. रेडिओत इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येणे हेही त्याचेच लक्षण.

तारा आणि अर्थ

हा भाग सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत फलदायी आहे. तार शाबूत दिसते, टेस्टलॅम्प तिच्यावर लागतो, तरीही ती भाराखाली व्होल्टेज गिळत असते. टेस्टलॅम्पला लागणारा प्रवाह इतका कमी असतो की अर्धी कुजलेली तारही त्याला पुरते. खरे मोजमाप असे: इंजिन वेगात, दिवे आणि पंखे चालू, मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या आउटपुटच्या बोल्टवर, दुसरे बॅटरीच्या धन खुंटावर. मीटर दाखवील तेवढे व्होल्टेज मधल्या वाटेत हरवते आहे. मध्ये डायोडचा आयसोलेटर (त्याविषयी पुढे) नसेल तर हा आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत हवा. मग अल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण खुंटापर्यंत मोजावे; इथे ०.१ ते ०.२ पुरे. टोक क्लॅम्पवर नव्हे, प्रत्यक्ष खुंटावर टेकवावे, नाहीतर खुंट आणि क्लॅम्प यांच्यामधला गंज नजरेतून सुटतो.

ऋण बाजू मोटरहोममध्ये विशेष महत्त्वाची आहे. वरचे घर फायबरग्लास, लाकूड आणि ॲल्युमिनियमचे असते. त्यातून वीज परतत नाही. घराच्या बॅटरीचा परतीचा मार्ग चासीच्या पोलादी गर्डरमधून इंजिनपर्यंत आणि तिथून पातळ अर्थपट्टीने अल्टरनेटरकडे असा जातो. गर्डरवरचा बोल्ट गंजला, किंवा इंजिन काढघाल करताना अर्थपट्टी पुन्हा लावायची राहिली, की धन बाजू कितीही सुधारली तरी फरक पडत नाही.

तारेची जाडीही मोजमापात धरावी. अल्टरनेटरपासून मागच्या टोकाच्या बॅटरीपर्यंत सहा मीटर अंतर आहे आणि तीस अँपिअर वाहत आहेत असे समजू. सुमारे ५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेत जवळपास ०.६ व्होल्ट हरवतात. १३ चौरस मिलिमीटरच्या तारेत साधारण ०.२३. शिसे-आम्ल बॅटरीसाठी १३.६ आणि १४.२ यांतला फरक म्हणजे कसेबसे भरणे आणि नीट भरणे यांतला फरक आहे. बॅटरी आणि अल्टरनेटर नीट असूनही बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही अशी तक्रार असेल, तर नवी जाड तार हा उपाय कोणत्याही नव्या उपकरणापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा ठरतो. तारेच्या बॅटरीकडील टोकाला तिच्या जाडीला शोभेल असा फ्यूज हवाच.

आयसोलेटर आणि सोलेनॉइड

दोन्ही बॅटऱ्या एका अल्टरनेटरवर भराव्यात पण घराच्या दिव्यांनी इंजिनची बॅटरी उतरू नये, यासाठी दोन पद्धती रूढ आहेत. पहिली डायोडची: पंख असलेल्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर तीन बोल्ट, मधल्यावर अल्टरनेटर, कडेच्या दोन्हींवर एकेक बॅटरी. डायोडमध्ये सुमारे ०.७ व्होल्ट हरवतात. ही तूट भरून काढायची तर अल्टरनेटरची व्होल्टेज पाहणारी तार आयसोलेटरच्या बॅटरीकडील बाजूला जोडलेली हवी. तशी असेल तर अल्टरनेटरच्या बोल्टवर १५ व्होल्टच्या आसपास दिसणे अगदी योग्य आहे, त्यावरून रेग्युलेटर बदलू नये. नव्याने बसवलेला एकाच तारेचा अल्टरनेटर मात्र स्वतःच्याच बोल्टवरचे व्होल्टेज पाहतो. आयसोलेटर असलेल्या गाडीत त्यामुळे दोन्ही बॅटऱ्या कायम अर्धपोटी राहतात. काही अल्टरनेटरना जागे होण्यासाठी आपल्या बोल्टवर बॅटरीचे व्होल्टेज लागते आणि डायोड ते अडवतो. त्यांच्यासाठी चौथा बोल्ट असलेला आयसोलेटर मिळतो.

तपासणी सोपी आहे. इंजिन चालू असताना कडेचे दोन्ही बोल्ट मधल्यापेक्षा साधारण सारख्याच फरकाने खाली असावेत. एक बाजू खूप खाली असेल तर तो डायोड तुटला आहे. एक बाजू मधल्याइतकीच असेल तर तो आरपार झाला आहे. तीन बोल्टच्या आयसोलेटरमध्ये इंजिन बंद केल्यावर मधल्या बोल्टवर बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज दिसणे हीदेखील आरपार डायोडचीच खूण.

दुसरी पद्धत सोलेनॉइडची. इग्निशन लावताच ती ‘टक्’ आवाज करून दोन्ही बॅटऱ्या जोडते. आवाज आला नाही तर तिच्या छोट्या टर्मिनलवर १२ व्होल्ट येतात का आणि तिला अर्थ आहे का ते पाहावे. आवाज येतो पण चालू इंजिनवर मोठ्या दोन बोल्टांत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक राहतो, तर आतले संपर्क जळले आहेत. संपर्क एकमेकांना चिकटले तर उलटी तक्रार येते: रात्री घरातले दिवे वापरले आणि सकाळी इंजिन सुरूच होत नाही. बदलताना सतत चालण्यासाठी बनवलेलीच सोलेनॉइड घ्यावी. स्टार्टरची सोलेनॉइड दिसायला तशीच आणि स्वस्त असते, पण ती काही सेकंदांसाठी बनवलेली असते आणि तासभराच्या प्रवासात जळते.

कन्व्हर्टर

कन्व्हर्टरची पेटी उघडण्यापूर्वी प्लग काढलेला आणि जनरेटर बंद असावा. आत अमेरिकेत १२० आणि युरोपात २३० व्होल्ट असतात. दुरुस्तीपूर्वी पाहावेत ते उलट्या जोडणीपासून वाचवणारे फ्यूज. बॅटरी बदलताना तारा क्षणभर उलट्या लागल्या तरी ते उडतात आणि मग कन्व्हर्टर घरातले दिवे चालवतो, पण बॅटरीकडे काहीच पाठवत नाही.

१९८० च्या दशकातील पुष्कळ कन्व्हर्टर जड ट्रान्सफॉर्मरचे, गुणगुणणारे असतात. घरातले दिवे झगझगीत चालवणे हे त्यांचे मुख्य काम. बॅटरीला ते थोडेच अँपिअर देतात. पाच अँपिअरने शंभर अँपिअर-तासांची निम्मी बॅटरी भरायला दहा तासांहून बराच जास्त वेळ लागतो, कारण शेवटचा पाचवा हिस्सा नेहमी संथ भरतो. शिवाय बॅटरी भरली तरी असे कन्व्हर्टर व्होल्टेज खाली आणत नाहीत, म्हणून महिनोन्‌महिने प्लगवर उभ्या असलेल्या गाडीतल्या बॅटरीचे पाणी उकळून आटते. बदलायचाच झाला तर टप्प्यांनी चार्ज करणारा आधुनिक कन्व्हर्टर घ्यावा: आधी १४.४, मग १३.६ आणि न वापरता उभी असताना १३.२ व्होल्ट देणारा.

भरते, पण टिकत नाही

चार्जिंग सर्व टप्प्यांवर ठीक असूनही बॅटरी सकाळी रिकामी असेल, तर वीज कुठेतरी झिरपते आहे. सर्व बंद करून ऋण क्लॅम्प काढावा आणि क्लॅम्प व खुंट यांच्यामध्ये अँपिअर मोजणारा मीटर जोडावा. त्या स्थितीत इंजिन सुरू करू नये. इंजिनच्या बाजूला ५० मिलिअँपिअरच्या आत प्रवाह स्वाभाविक आहे. घराच्या बाजूला गॅस गळतीचा सूचक, फ्रिजचे नियंत्रण, टीव्ही अँटेनाचा बूस्टर, पायरीची मोटर यांमुळे तो जास्त असतो. एक अँपिअरचा सततचा प्रवाह दिवसाला २४ अँपिअर-तास खातो. शंभरची बॅटरी दोन दिवसांत निम्मी होते. एकेक फ्यूज काढत गेल्यावर ज्या फ्यूजला आकडा घसरतो, त्या शाखेत दोष आहे. कोणत्याही फ्यूजने फरक पडला नाही तर अल्टरनेटरची मोठी तार सोडवून पाहावी. गळका डायोड रात्रभर बॅटरी रिकामी करू शकतो.

तीन प्रकारच्या ऊर्जेवर चालणारा फ्रिज हे वेगळा उल्लेख करण्याजोगे गिऱ्हाईक आहे. १२ व्होल्टवर त्याचा हीटर दहा अँपिअरच्या वर ओढतो. गाडी थांबल्यावर त्याला तोडणारी रिले चिकटली असेल तर काही तासांच्या थांब्यातच बॅटरी निम्मी होते. प्रवासात तो चालू ठेवला तर पातळ तारेतून आलेली बरीचशी वीज तोच घेतो आणि दिवसभर गाडी चालवूनही घराची बॅटरी भरत नाही.

अलीकडे जुन्या गाड्यांत लिथियम बॅटरी बसवण्याकडे कल आहे. तिचा आतला रोध इतका कमी असतो की ती अल्टरनेटर देईल तेवढा प्रवाह घेते. मंद चालणाऱ्या इंजिनवर अल्टरनेटरचा पंखाही मंद असतो, आणि जुना अल्टरनेटर काही तासांत तापून जळू शकतो. १३.६ व्होल्टचा जुना कन्व्हर्टर तिला पूर्ण भरतही नाही. तिला साधारण १४.२ ते १४.६ व्होल्ट लागतात. सोलेनॉइड किंवा डायोडच्या जागी प्रवाहावर मर्यादा घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर बसवणे आणि कन्व्हर्टर बदलणे हा खर्च लिथियम बॅटरीच्या किमतीतच धरावा. तो परवडत नसेल, तर चांगली शिसे-आम्ल बॅटरी आणि जाड तारा अशा गाडीला अधिक मानवतात.